सगळ्यांचे रिपोर्ट पाहिले

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. धाकट्या मुलाने एकदा जाड वही आणून दिली आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या आठवणी लिहून काढा, नातवंडं वाचतील." मी साठेक पानं लिहिली. चंद्रपुरात लॉज कसा उभा केला, पहिली बस आणली तेव्हा तिला हार घालायला अर्धी गल्ली कशी जमली, कोळशाच्या धुळीने खिडक्यांचे पडदे दर पंधरवड्याला कसे काळे पडत. त्या साठ पानांत आमचा ड्रायव्हर फक्त एका ओळीत येतो. 'ड्रायव्हरने मनमानी केली आणि आमच्या नावाला बट्टा लागला.' ती ओळ खोटी आहे. आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, आणि ती ओळ माझ्या मागे तशीच राहिली तर नातवंडं तीच खरी मानतील. म्हणून हे लिहितो आहे.

लॉज अठरा खोल्यांचा होता. काउंटरच्या मागे किल्ल्यांचा लाकडी बोर्ड. आमच्या धंद्यात सकाळी उठून आधी त्या बोर्डाकडे पाहायचं. बोर्ड रिकामा असला की हॉटेल भरलेलं, बोर्ड भरलेला असला की हॉटेल रिकामं. शिवाय दोन बसगाड्या होत्या. आमची चार दिवसांची सहल नागपूर-वर्ध्याकडच्या लोकांत नावाजलेली होती. ताडोबा, मार्कंडा, आल्लापल्लीची जुनी सागवानं, हेमलकसा, भामरागडचा तीन नद्यांचा संगम. परतीच्या वाटेवर एक जेवण असे आणि लोक त्या जेवणासाठीच आमच्याकडे येत. ते जेवण ड्रायव्हरच्या गावात होई.

गाव आल्लापल्लीच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत. माडिया लोकांचं, पन्नास-साठ घरांचं. मोठ्या गाडीचा परवाना काढणारा त्या गावातला तो पहिला. माझ्याकडे तो आला तेव्हा पंचविशीचा असेल, आणि सगळं घडलं तेव्हा त्याचे केस कानाजवळ पिकले होते. एवढा काळ त्याने माझी गाडी चालवली. गाडीला साधा ओरखडा आला तरी मला कळायच्या आधी तो स्वतःच येऊन सांगे.

जेवणाची कल्पनाही त्याचीच. एका सहलीत गाडी बिघडली, तेव्हा तो तीस माणसं आपल्या गावात घेऊन गेला. त्याच्या बायकोने आणि शेजारणींनी मिळून भात, उडदाची डाळ, आंबाडीची भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी पानांवर वाढली. लोकांनी घरी गेल्यावर ताडोबाच्या वाघापेक्षा त्या चटणीचं वर्णन जास्त केलं. पुढच्या वर्षीपासून मी ते जेवण पत्रकात छापू लागलो. गावाला त्यातून काही मिळे, मला नाव मिळे. गाडी गावाच्या तोंडाशी थांबायची, लोक उतरायचे, आणि बाया हातात पाण्याचे तांबे घेऊन उभ्या असायच्या. आपल्या माणसाने आणलेला पाहुणा हा सगळ्या गावाचा पाहुणा, त्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही, अशी तिथली रीत. शहरातल्या बायका चपला काढताना लाजायच्या.

तो थट्टेखोर होता. एकदा एक गृहस्थ सारखे विचारत होते, वाघ केव्हा दिसणार, वाघ केव्हा दिसणार. तो आरशातून पाहत म्हणाला, "साहेब, वाघ बी हेच विचारून राह्यला असन, का हे लोक केव्हा जातीन म्हणून." सगळी गाडी हसली. गृहस्थांनी माझ्याकडे तक्रार केली. मी त्याला बोलावून रागावलो, तर म्हणतो, "भाऊ, तुमी पुढच्या खेपेला एक वाघच घ्या मोलानं. दुसऱ्या गाडीत बसवून आणतो." मला सगळे भाऊच म्हणत. त्याच्या तोंडी मात्र तो शब्द वेगळा वाटे, खरा वाटे. असं आता वाटतं. तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

मग महामारी आली.

पहिल्या टाळेबंदीत बोर्ड जो भरला तो भरलेलाच राहिला. वेटर आपापल्या गावी गेले, सिंदेवाहीचा आचारी सायकलवर निघाला. काही दिवस सरकारने खोल्या विलगीकरणासाठी घेतल्या. तेव्हा पांढऱ्या पोशाखातली माणसं येत-जात, आणि गल्लीतले लोक आमच्या दारासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जात. पुढे खोल्या परत मिळाल्या, पण लॉजला लागलेला दवाखान्याचा वास लोकांच्या मनातून गेला नाही. गाद्यांना बुरशी आली. उंदरांनी बसच्या सीटांचं रेक्झीन कुरतडलं. एसीच्या जाळीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं.

त्या दिवसांत ड्रायव्हर माझ्याजवळ राहिला. टाळेबंदी लागली तेव्हा तो चंद्रपुरात अडकला असं लोक म्हणतात. तसं नव्हतं. त्याच्या गावाकडे जाणारी एक जीप मिळत होती आणि मीच म्हणालो, "तू गेलास तर गाड्या सडतील." तो राहिला. मोहाचा हंगाम होता. माडिया घरात मोहाची झाडं वाटून घेतलेली असतात, पहाटे उठून आपापल्या झाडाखालची फुलं वेचायची. त्याची बायको एकटी किती वेचणार? त्या वर्षी त्याच्या झाडाखालची अर्धी फुलं जनावरांनी खाल्ली. तो मात्र चंद्रपुरात दर दोन दिवसांनी दोन्ही गाड्यांची इंजिनं चालू करायचा, पुढे-मागे करायचा, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून. रिकाम्या गाडीत सीटवर बसून तो मला म्हणायचा, "या भाऊ, बसा. भामरागड, भामरागड! एकच सीट बाकी हाय." आम्ही दोघे रिकाम्या बसमध्ये बसून डबा खायचो.

पावसाळा संपता संपता थोडं मोकळं झालं. गाड्या काढायची परवानगी मिळाली, पण गाव बंद होतं. रस्त्यावर आडवा बांबू टाकला होता आणि बांबूजवळ पाळीपाळीने माणसं बसत. बाहेरचं कुणी आत येऊ द्यायचं नाही असं गावाने ठरवलं होतं आणि मधे घरी गेला तेव्हा त्या ठरावाला त्यानेही हात वर केला होता. पण जेवणाशिवाय आमची सहल कोण घेणार? तो गावात गेला, गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, उभा राहिला आणि म्हणाला की पाहुणे आणीन, पण तपासणी केलेलेच आणीन. आमचे मालक, भाऊ, प्रत्येकाचा रिपोर्ट डोळ्यांनी पाहतील, आणि मी बांबूजवळ गाडी थांबवून सगळ्यांसमोर 'पाहिले' म्हणेन, मगच बांबू उचला. म्हाताऱ्या पाटलाने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, विचारलं, आणि खोटं निघालं तर? तो म्हणाला, मग मी गावाचा नाही.

हे त्याने मला चंद्रपुरात येऊन हसत सांगितलं. "भाऊ, तुमच्या भरोशावर जबान देऊन आलो. पाहाजा बाप्पा बराबर."

हिवाळ्यातल्या दोन सहलींचे रिपोर्ट मी खरंच पाहिले. काउंटरवर चष्मा लावून, एकेक कागद. तिसरी सहल मार्चमध्ये होती. नागपूरकडची सेवानिवृत्त मंडळी. रोगाच्या बातम्या पुन्हा यायला लागल्या होत्या, आणि हे सगळं परत बंद होणार हे धंद्यातल्या प्रत्येकाला वासावरून कळत होतं. ही सहल गेली तर पुढची केव्हा, कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं सकाळी आली, आवरायला खोल्या घेतल्या. निम्म्यांजवळ रिपोर्ट नव्हते. कुणी म्हणालं मोबाइलवर येणार आहे, कुणी म्हणालं मला काहीच त्रास नाही, माझी कशाला तपासणी. एक बाई रुमालात शिंकत होत्या आणि सांगत होत्या की ही धुळीची ॲलर्जी आहे, वर्षानुवर्षांची. मी बोर्डाकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यावर फक्त चार किल्ल्या लटकत होत्या.

ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. गमछा तोंडाला बांधलेला.

"भाऊ, झालं का पाहून?"

"झालं," मी म्हणालो.

"सगळ्याईचे?"

"अरे हो रे बाबा. सगळ्यांचे रिपोर्ट पाहिले. निघ आता, ऊन होईल."

तो निघाला. त्याने पुन्हा विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो, म्हणून विचारायची गरज त्याला वाटली नाही.

बांबूजवळ काय झालं ते त्याने पुढे मला सांगितलं. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, बसलेल्या माणसांसमोर म्हणाला, पाहिले. बांबू वर गेला. बायांनी पायांवर पाणी घातलं. शिंकणाऱ्या बाईंना त्याच्या आईचा चेहरा फार आवडला, गोंदलेला, सुरकुत्यांचा. त्यांनी तिला जवळ घेऊन, गालाला गाल लावून फोटो काढले.

आठ दिवसांनी मला फोन आला. त्या बाई दवाखान्यात होत्या, मंडळींतले आणखी काही जण पॉझिटिव्ह निघाले होते. सहलीच्या प्रमुखांनी बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे कळवलं. म्हणाले, त्या गावाला सांगा. मी हो म्हणालो आणि दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे फोन लावायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी गावाकडून ड्रायव्हरचाच आला, "भाऊ, गावात तापाचे लोक लय झाले."

तीन म्हातारी माणसं गेली. त्यात त्याची आई होती.

रोग आमच्याच गाडीतून गेला का? ते कुणीच सांगू शकणार नाही. त्या दिवसांत बाजार भरत होते, लग्नं होत होती, तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर परतत होते. ही सोय मी स्वतःला कितीतरी वेळा करून दिली आहे. पण गावाने जे विचारलं ते हे नव्हतंच. गावाने विचारलं, रिपोर्ट पाहिले होते का.

एप्रिलमधली दुपार होती. त्या दिवशी सकाळीच आमच्याकडे चौकशीला माणसं येऊन गेली होती. सहल कुणी नेली, कुठे नेली, नियम पाळले का. दुसऱ्या एका लॉजला सील लागल्याचं ऐकलं होतं. थोरला मुलगा समोर डोकं धरून बसला होता. तेवढ्यात ड्रायव्हरच्या नंबरावरून फोन आला. त्याच्या गावात फोन लागायचा तो फक्त शाळेच्या मागच्या भिंतीजवळ, त्यामुळे गोटुलातली बैठक उठून भिंतीजवळ आली होती. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

पाटील बोलले. हळू, एकेक शब्द जुळवत, माझ्यासाठी मराठीत. "भाऊ, तुमी आमच्या गावचे मोठे पाहुणे. तुमाले एकच गोष्ट पुसाची हाय. तुमचा डायवर म्हणते का तुमी सगळ्याईचे कागद पाह्यले म्हणून सांगतलं. हे खरं हाय का?"

मुलाने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही म्हणा. त्याला दोष देत नाही, त्याने मान हलवली नसती तरी मी तेच बोललो असतो.

"नाही," मी म्हणालो. "मी तर म्हटलं होतं, रिपोर्ट अपुरे आहेत, गावात नेऊ नको. त्याने आपल्या मनाने नेलं."

मग ड्रायव्हरचा आवाज आला, अगदी जवळून. तो भांडला नाही. 'भाऊ, खोटं काऊन बोलता' असंही म्हणाला नाही. म्हणाला, "बरं भाऊ." आणि फोन बंद झाला.

गावाने त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. गावाने फक्त त्याला मोजणं बंद केलं. त्याच्या चुलीतला विस्तव कुणी नेईना, त्याला कुणी देईना. मासे वाटताना त्याचा वाटा निघेना, लग्नाचं आमंत्रण येईना. आईच्या दिवसकार्याला चारच माणसं जेवली, ती घरचीच. तो गावाचा नव्हता. त्याने स्वतःच तशी जबान दिली होती. महिन्याभरात तो आणि त्याची बायको गोंडपिपरीकडे निघून आले आणि एका खोलीत राहू लागले. सहलीच्या गाड्यांवर त्याला कुणी घेतलं नाही, कारण तोवर मी शहरातही तेच सांगितलं होतं. हॉटेलवाल्यांच्या बैठकीत उभं राहून मी ड्रायव्हर लोकांच्या बेशिस्तीवर बोललो होतो. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी तो मुरुमाचा टिप्पर चालवू लागला.

लॉजला सील लागलं नाही. तरी तो वाचला नाहीच. दीड वर्षाने आम्ही तो विकला. एक बस एका शाळेने घेतली, दुसरी भंगारात गेली. ज्यासाठी बोललो ते असं हातातून गेलं.

तो माझ्याकडे आला तो त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमाराला. मी घराच्या ओट्यावर बसलो होतो. वाटलं, आता हा बोलेल, ओरडेल, आणि बरं होईल. त्याने गमछ्याने पायरी झटकली आणि खाली बसला. गुडघ्याची चौकशी केली. एरंडाचं पान बांधा म्हणाला. मग म्हणाला, "भाऊ, मले काई नको. फक्त एकडाव गावात या. आमच्यात असं हाय, बात ज्या तोंडानं गेली, त्याच तोंडानं परत याले पाह्यजे. दुसऱ्यानं सांगून नाई चालत. मी सांगून तं बिलकुल नाई चालत. तुमी गोटुलात उभं राहून एकच बोलाचं, का मी पाह्यले म्हणलो होतो. बस."

"माझ्यावर राग नाही तुझा?"

तो हसला. "राग येऊन कुठी जाऊ? बायको रडते, भाऊ. तिले इथची हवा मानवत नाई. झाडं नाईत म्हणते."

मी येईन म्हणालो. शपथेवर म्हणालो. मग हिवाळा गेला, मी आजारी असल्याचं सांगितलं. पावसाळा गेला, रस्ते खराब असल्याचं सांगितलं. त्याने प्रत्येक वेळी "हो, हो, पुढं पाहू" म्हटलं. शेवटी एका फेब्रुवारीत तोच भाड्याची गाडी घेऊन दारात उभा राहिला. "चाला भाऊ. आज टिप्परले सुट्टी हाय."

वाटेत तो फार बोलत होता. मोह फुलायला आलाय, पळस पाहा कसा पेटलाय. गावाच्या तोंडाशी तो बांबू अजून होता, फक्त आता उचलून बाजूला ठेवलेला. त्याने गाडी बांबूच्या अलीकडेच थांबवली. मी म्हणालो, "चल ना." तो म्हणाला, "नाई भाऊ. मी इथीच बसतो. तुमी या." आणि एका ऐनाच्या झाडाखाली उकिडवा बसला. तिथून त्याला त्याचं घर दिसत होतं. मलाही दिसलं. दाराला काटे लावलेले होते.

मी काठी टेकत आत गेलो. माझ्यासाठी बाज आणली. एका म्हातारीने माझ्या पायांवर पाणी घातलं, थंडगार, आणि माझा सुजलेला गुडघा पाहून चुकचुकली. पाटलांनी पोराला पाठवून माणसं गोळा केली. बरीच जमली, गोटुल भरलं. मी उभा राहायला लागलो तेवढ्यात पाटीलच उभे राहिले.

"भाऊ, तुमी इतक्या वर्षांनं आले. आमी तुमच्याकडं येणारच होतो, पण शरम वाटत होती. आमच्या माणसानं तुमचं नाव खराब केलं. तुमी नाई म्हणलं तरी तो घेऊन आला. तुमचं हाटेल गेलं म्हणतात. आमाले माफ करा." आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या मागे सगळ्यांनी हात जोडले.

मला काय बोलायचं होतं ते मी वाटेत पन्नास वेळा मनात म्हटलं होतं. ते वाक्य तोंडात होतं. मी हात जोडले. मी म्हणालो, "असू द्या. झालं गेलं."

त्यांची माफी मी घेतली. आयुष्यात मी पुष्कळ वाईट गोष्टी केल्या असतील, पण त्या दुपारी बाजेवर बसून मी जे केलं त्याच्या पासंगाला दुसरं काही लागत नाही. वर मी जेवलोही. भात, डाळ, चटणी. आग्रह करकरून वाढलं.

परत आलो तेव्हा तो उठून उभा राहिला. गमछा हातात घट्ट धरलेला.

"सांगतलं का भाऊ?"

"आज सगळी माणसं नव्हती रे," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे ना. पुढच्या वेळी."

झाडाखालून गोटुल दिसत होतं. गोटुल भरलेलं त्याने पाहिलं होतं. हात जोडलेलेही पाहिले असतील. त्याने गमछा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "हो भाऊ. तेंदूपानाचा टाइम हाय ना, लोक जंगलात असतीन."

तेंदूपानाच्या तोडणीला अजून तीन महिने अवकाश होता. माझं खोटं त्याने माझ्यासाठी पुरं केलं, दार उघडून मला गाडीत बसवलं, काठी मागच्या सीटवर ठेवली. परतीच्या वाटेवर तो पळसाबद्दल काही बोलला नाही. माझ्या दारात उतरवताना म्हणाला, "सांभाळून भाऊ, पायरी हाय." त्याचे मी ऐकलेले शेवटचे शब्द हेच.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. खदानीबाहेर टिप्परांच्या रांगेत उभा होता. पुढची गाडी सरकली तरी याची सरकेना, मागच्याने हॉर्न वाजवला, मग खाली उतरून पाहिलं. स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं होतं. मला हे चार दिवसांनी कळलं. त्याच्या बायकोकडे गेलो तेव्हा तिने मला बसायला सांगितलं नाही, जा असंही सांगितलं नाही. मी म्हणालो, "बाई, मी सगळं लिहून देतो. सही करून देतो. गावात वाचून दाखवा."

ती म्हणाली, "कागदाले तोंड असते का भाऊ?"

मग आम्ही गेलो. ती, मी आणि भाड्याचा एक अनोळखी ड्रायव्हर. बांबूपाशी ती थांबली, मी आत गेलो. तांब्या घेऊन आलेल्या म्हातारीला मी म्हणालो, आधी ऐका, मग पाणी. गोटुलात मी उभा राहिलो आणि बोललो. मी त्याला सगळ्यांचे रिपोर्ट पाहिले असं सांगितलं होतं. मी पाहिले नव्हते. त्याला ठाऊक नव्हतं. फोनवर मी खोटं बोललो. मागच्या वेळी आलो तेव्हाही गप्प राहिलो. सगळं मिळून मिनिटभराचं बोलणं होतं. एवढं बोलायला मी त्याचं मरण येऊ दिलं.

एका बाईने पदर तोंडाला लावला. पाटील आता फार थकले आहेत, त्यांनी शेजारच्याला गोंडीत काही सांगितलं आणि दोन माणसं उठून बांबूकडे गेली, त्याच्या बायकोला आत घेऊन यायला. मी विचारलं, माझा दंड काय. कितीही सांगा, काहीही सांगा.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "दंड आपल्या माणसाले असते," ते म्हणाले. "तुमी आमचे नाई."

म्हातारीच्या हातातला तांब्या भरलेलाच होता. तिने तो जाऊन त्याच्या बायकोच्या पायांवर ओतला.

माडियांत माणूस गेला की त्याच्या कुळाच्या दगडांशेजारी त्याचा दगड उभा करतात. देह गोंडपिपरीकडे मातीत गेला होता, पण दगड गावात लागू शकत होता. तो त्यांनी महिन्याभराने लावला, त्याच्या आईच्या दगडाशेजारी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. लांब उभा राहिलो. सगळे परतायला लागले तेव्हा त्याची बायको माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आता त्याले सांगा तुमचं काय हाय ते. तो ऐकते."

मी दगडापाशी गेलो. खांद्याएवढा, ओबडधोबड, अजून पायथ्याशी ओली माती. ती पाठीमागे उभी होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "येतो मी."

एवढंच निघालं. मी वळलो आणि काठी टेकत बांबूपर्यंत आलो. जे म्हणायचं होतं ते अजून माझ्याजवळच आहे, आणि कागदाला तोंड नसतं हे ठाऊक असूनही इथे लिहितो: तू विचारलंस, सगळ्यांचे का, आणि मी हो म्हणालो. तुझं काहीच चुकलं नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि मी तुझी आई, तुझं गाव, तुझी झाडं घालवली. मला माफ कर, भाऊ.